विश्लेषण : ना समुद्र, ना बंदर, तरी हजार वर्षे बाजारपेठ! नायजेरियातील कानो शहराची घडी का विस्कटली?

नायजेरिया म्हटले की बहुतेकांना समुद्रकाठचे लागोस आठवते. पण याच देशाच्या उत्तरेला, समुद्रापासून रस्त्याने जवळपास एक हजार किलोमीटर आत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला कानो नावाचे महानगर आहे. उंटांचे तांडे, निळीने रंगवलेले कापड, लाल चामडे, भुईमूग आणि कापडगिरण्या अशा एकामागून एक व्यवसायांवर हे शहर जगले. प्रत्येक वेळी एक धंदा बसला, की दुसरा उभा राहिला. आता मात्र गिरण्यांची धुराडी थंड आहेत, विजेचा भरवसा नाही आणि राजवाड्याच्या गादीवर दोघांनी दावा सांगितला आहे. कानोचा आजवरचा प्रवास कसा झाला आणि पुढे काय वाढून ठेवले आहे, याविषयी...

कानो नेमके किती मोठे?

याचे नेमके उत्तर देणे अवघड आहे. नायजेरियात शेवटची जनगणना २००६ मध्ये झाली. त्यात कानो राज्याची लोकसंख्या ९४ लाख, तर लागोस राज्याची ९१ लाख नोंदवली गेली. लागोसने ते आकडे फेटाळले आणि वाद पेटला. लोकसंख्येवर केंद्राचा निधी आणि प्रतिनिधित्व ठरते, त्यामुळे नायजेरियात शिरगणती हा राजकीय विषय असतो. २०२३ मध्ये ठरलेली जनगणना पुढे ढकलली गेली. त्यामुळे आज सगळे काही अंदाजांवर चालते. कानो शहर आणि लगतच्या वस्त्या मिळून लोकसंख्या ४० लाखांहून अधिक मानली जाते. लागोसनंतर देशातील सर्वांत मोठ्या शहरांत कानो आणि इबादान यांचीच नावे घेतली जातात.

येथील बहुसंख्य लोक हौसा भाषा बोलतात. पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात बाजारात हौसा बोलली तर काम भागते. ही भाषा इतकी पसरण्याचे एक कारण म्हणजे कानोचे व्यापारी.

वाळवंटाच्या काठी व्यापारी शहर कसे वसले?

सुरुवात लोखंडापासून झाली. शहराच्या मधोमध दाला नावाची टेकडी आहे. तिच्या परिसरात लोखंड वितळवणाऱ्यांची जुनी वस्ती होती. आपल्याकडच्या बखरींसारखी कानोचीही एक बखर आहे. एकोणिसाव्या शतकात अरबीत लिहिल्या गेलेल्या या बखरीनुसार, बगौदा हा पहिला राजा इ. स. ९९९ मध्ये गादीवर आला. बाराव्या शतकात शहराभोवती मातीचा तट उभा राहिला.

शहराच्या आजच्या जुन्या भागाला आकार दिला तो मोहम्मद रुम्फा या राजाने. १४६३ ते १४९९ हा त्याचा काळ. त्याने तट वाढवला, नवा राजवाडा बांधला आणि कुरमी बाजार वसवला. त्याचा राजवाडा 'गिडान रुम्फा' म्हणजे 'रुम्फाचे घर' या नावाने आजही ओळखला जातो आणि आजही तो वापरात आहे. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्‌-मघिली या विद्वानाने रुम्फासाठी राज्यकारभारावर एक ग्रंथही लिहिला होता.

कानोची खरी ताकद तिच्या जागेत होती. उत्तरेकडून उंटांचे तांडे सहारा ओलांडून यायचे. त्यांच्यासोबत भूमध्य समुद्राकडील माल आणि वाळवंटातले मीठ यायचे. दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यातून कोला नावाच्या फळाच्या बिया यायच्या. चघळल्यावर तरतरी आणणाऱ्या या बियांना पाहुणचारात आपल्याकडच्या पानसुपारीसारखे स्थान आहे. उंट दमट जंगलात तग धरत नाही. त्यामुळे उंटाचा प्रवास संपतो आणि गाढव-हमालांचा सुरू होतो, त्या पट्ट्यात माल उतरवावाच लागायचा. समुद्रकाठच्या शहराला जसे बंदर, तसे वाळवंटाच्या काठचे हे बंदर होते.

या व्यापाराची एक काळी बाजूही होती. गुलामांची खरेदी-विक्री हा कानोच्या बाजाराचा मोठा भाग होता आणि हजारो माणसे याच वाटेने विकली गेली. शहराच्या वैभवाचा हिशेब मांडताना ही बाजू वगळता येत नाही.

व्यवहाराचे चलन होते कवडी. या कवड्या मुख्यतः हिंदी महासागरातल्या मालदीवहून निघून जगाला वळसा घालत आफ्रिकेत पोहोचायच्या. जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ १८५१ मध्ये कानोत आला, तेव्हा एका चांदीच्या डॉलरला अडीच हजार कवड्या असा भाव त्याने नोंदवला. शहराची लोकसंख्या त्याने ३० हजार धरली आणि व्यापाराच्या हंगामात ती दुप्पट होते असे लिहिले. मराठीत 'कवडीमोल' म्हणजे किंमत नसलेले. हौसात मात्र पैशाला आजही 'कुडी' म्हणतात आणि हा शब्द मुळात कवड्यांसाठीचाच.

निळीच्या कुंडांचे तंत्र काय आहे?

बार्थला सर्वाधिक भुरळ घातली ती कानोच्या कापडाने. येथील निळे कापड टिंबक्टूपासून भूमध्य किनाऱ्यावरच्या त्रिपोलीपर्यंत जात असल्याचे त्याने लिहिले आहे. सहारातील तुआरेग लोक डोक्याला जे गडद निळे, चमकदार फडके गुंडाळतात, त्याचा मोठा पुरवठा कानो परिसरातून होत असे.

हा रंग जिथे चढवला जातो ती कोफार माता येथील कुंडे १४९८ पासून चालू असल्याचे सांगितले जाते. जमिनीत खोल गेलेली ही गोल कुंडे वरून साध्या विहिरीसारखी दिसतात. प्रत्यक्षात ती रासायनिक अभिक्रियेची भांडी आहेत. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून कुंडात नीळ, राख आणि पोटॅश घालून पाणी आंबवत ठेवतात. राखेमुळे पाणी अल्कधर्मी होते आणि आंबवणारे जिवाणू निळीचे रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या रूपात करतात. ते धाग्यात शिरते. कापड बाहेर काढले की हवेतला ऑक्सिजन लागून रंग पुन्हा निळा होतो आणि धाग्यातच अडकून बसतो. कापड जितक्या वेळा बुडवावे, तितकी छटा गडद होते. मग लाकडी मोगऱ्यांनी ते बडवून चकाकी आणली जाते.

कुंड तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यात विजेचा किंवा इंधनाचा खर्च शून्य. तरीही आज शंभराहून अधिक कुंडांपैकी मोजकीच वापरात आहेत. कारखान्यात छापलेले स्वस्त कापड, त्यातही चीनमधून आलेले, समोर असताना हाताने रंगवलेल्या कापडाला गिऱ्हाईक उरते ते प्रामुख्याने पर्यटकांचे आणि हौशींचे. उत्तर नायजेरियातील असुरक्षिततेमुळे पर्यटकही आटले.

इंग्रजांना हवा होता कापूस, मग भुईमूग कसा जिंकला?

१८०७ च्या सुमारास उस्मान दान फोदियो यांच्या धार्मिक चळवळीने कानोची जुनी हौसा राजवट उलथवली. त्यानंतर शहर सोकोटोच्या सुलतानाच्या अधिपत्याखाली आले आणि येथील राजा 'अमीर' झाला. १९०३ मध्ये इंग्रजांनी कानो जिंकले. सुमारे ११ मैलांचा घेर आणि ३० ते ५० फूट उंचीचा तट पाहून गव्हर्नर फ्रेडरिक लुगार्डने अहवालात आश्चर्य व्यक्त केले होते. अमीरांची गादी मात्र त्याने मोडली नाही. स्थानिक राजांमार्फत राज्य करण्याचे, भारतातल्या संस्थानांची आठवण करून देणारे धोरण तिथे राबवले गेले.

१९१२ मध्ये कानो रेल्वेने लागोसला जोडले गेले. सुमारे १,१०० किलोमीटरच्या या मार्गामागचा हेतू उघड होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. पण कानोच्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी स्वतःचा हिशेब केला. स्थानिक विणकर कापसाला चांगला भाव देत होते, तर भुईमूग बाजारात विकता येत होता आणि टंचाईच्या वर्षी घरात खाताही येत होता. त्यामुळे रेल्वे आली कापसासाठी आणि डबे भरले शेंगदाण्यांनी.

पुढच्या ५० वर्षांत कानोची ओळख बनली ती भुईमुगाच्या 'पिरॅमिडां'मुळे. सुगीत माल इतका येई की रेल्वेला तो वेळेत उचलता येत नसे. मग पोती एकावर एक रचून उघड्यावर मनोरे उभारले जात. एका मनोऱ्यात १५ हजारांपर्यंत पोती असत. नायजेरियाच्या टपाल तिकिटांवरही ही दृश्ये आली. या व्यापारातले सर्वांत मोठे नाव होते अल्हसन दानताता. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पश्चिम आफ्रिकेतील सर्वांत श्रीमंत व्यक्ती मानले जात. आज आफ्रिकेतील सर्वांत श्रीमंत उद्योगपती म्हणून ओळखले जाणारे अलिको दांगोते हे आईच्या बाजूने त्यांचेच पणतू. त्यांचा जन्मही कानोचाच.

मनोरे गायब का झाले?

एका झटक्यात नाही, तर तीन धक्क्यांत. पहिला धक्का दुष्काळाचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सहाराच्या दक्षिणेकडील संपूर्ण पट्ट्यात पाऊस दगा देऊन गेला. दुसरा रोगाचा. १९७५ मध्ये मावा किडीमुळे पसरणाऱ्या 'रोझेट' या विषाणूजन्य रोगाने भुईमुगाची पिके झोपवली.

तिसरा धक्का सर्वांत खोल गेला, तो खनिज तेलाचा. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव कडाडले आणि देशाच्या दक्षिणेकडील तेलातून डॉलर येऊ लागले. स्थानिक चलन नायरा महाग झाले. चलन महाग झाले की आयात स्वस्त होते आणि शेतमालाची निर्यात परवडेनाशी होते. अर्थशास्त्रात याला 'डच डिसीज' म्हणतात. सरकारला शेतीची गरज उरली नाही आणि शेतकऱ्याला निर्यातीत पैसा दिसेना. मनोरे संपले ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

गिरण्यांना टाळे कुणी लावले?

भुईमूग गेला, तरी कानोकडे उद्योग होते. बोंपाई, शराडा आणि चलावा या औद्योगिक वसाहतींत कापडगिरण्या, तेलगिरण्या, प्लास्टिकचे कारखाने आणि चामडे कमावण्याचे कारखाने उभे राहिले होते. चामड्याचा धंदा तर जुनाच. युरोपात 'मोरोक्को लेदर' म्हणून विकले जाणारे बरेचसे लाल चामडे मुळात कानो-सोकोटो भागातल्या बकऱ्यांचे असे. ते मोरोक्कोमार्गे पोहोचायचे, म्हणून नाव मोरोक्कोचे.

यातील बहुतेक कापडगिरण्या १९९० नंतर एकेक करत बंद पडल्या. कारणे गुंतागुंतीची असली, तरी मुळाशी वीज आहे. ग्रिडची वीज मिळत नाही म्हणून कारखान्याला स्वतःचे डिझेल जनरेटर चालवावे लागतात. जो कारखाना स्वतःची वीज स्वतः बनवतो, त्याला अखंड स्वस्त वीज मिळणाऱ्या चिनी कारखान्याशी स्पर्धा करणे अशक्य असते. त्यात शेजारी देशांतून चोरट्या मार्गाने कापड येत राहिले. गंमत म्हणजे कानोचा कान्टिन क्वारी हा कापडबाजार आजही पश्चिम आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे. शहर कापड विकते, पण आता ते स्वतः फारसे बनवत नाही. विक्रीत पोट भरते ते दुकानदार, हमाल आणि दलालांचे. गिरणीतला पगारी कामगार मात्र रस्त्यावर आला. गिरणगावाचा संप आणि नंतरचे टाळे पाहिलेल्या मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वीज किती बेभरवशाची आहे, हे २०२४ मध्ये दिसले. त्या वर्षी नायजेरियाचे राष्ट्रीय ग्रिड वारंवार कोसळले. ऑक्टोबरमध्ये शिरोरो ते कडुना ही उच्चदाब वाहिनी तुटली आणि कानोसह उत्तरेचा मोठा भाग सुमारे दहा दिवस अंधारात गेला.

एका शहरात किती शहरे?

तटाच्या आत जुने कानो, बाहेर नवे. इंग्रजांनी वस्त्यांची विभागणी काटेकोर केली. युरोपीयांची वसाहत वेगळी आणि रेल्वेबरोबर दक्षिणेतून आलेल्या कारकून, कारागीर व व्यापाऱ्यांसाठी 'सबोन गरी', म्हणजे 'नवे गाव', वेगळे. इथे इग्बो आणि योरुबा लोक राहतात, चर्च आहेत, मद्यही मिळते. तटाच्या आत मशिदी आणि मदरसे आहेत. २००० मध्ये कानो राज्याने शरियत फौजदारी कायदा लागू केला आणि काही वर्षांत 'हिस्बा' हे नैतिकतेवर देखरेख ठेवणारे दल उभे राहिले.

या विभागणीची किंमतही मोजावी लागली आहे. १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात इग्बोंविरुद्ध झालेल्या हत्याकांडात कानोही होरपळले. त्यातून पुढे बियाफ्राचे यादवी युद्ध पेटले. अलीकडे बोको हराम या दहशतवादी संघटनेने जानेवारी २०१२ मध्ये शहरात एकाच दिवशी अनेक ठिकाणी हल्ले करून दीडशेहून अधिक बळी घेतले. नोव्हेंबर २०१४ मध्ये राजवाड्याजवळच्या मुख्य मशिदीवर शुक्रवारच्या नमाजावेळी हल्ला झाला. त्यात शंभराहून अधिक जण ठार झाले. मरणारे मुस्लीमच होते.

कानोत हिंदी चित्रपट इतके लोकप्रिय कसे?

भारताशी कानोचा सर्वांत जिव्हाळ्याचा धागा पडद्यावरचा आहे. १९५०च्या दशकापासून लेबनानी वितरकांनी येथे हिंदी चित्रपट आणले. ना हिंदी कळत होती, ना हौसात उपशीर्षके होती. तरी थिएटरे भरायची. 'मदर इंडिया' तर अनेक दशके पुन्हा पुन्हा दाखवला गेला. धर्मेंद्रला प्रेक्षकांनी 'सारकिन कार्फी', म्हणजे 'ताकदीचा राजा', असे नाव दिले होते.

मानववंशशास्त्रज्ञ ब्रायन लार्किन यांनी या आकर्षणाचा अभ्यास केला आहे. त्यांच्या मते, एकत्र कुटुंब, आईवडिलांच्या मर्जीचे लग्न आणि प्रेम यांतली ओढाताण, अंगभर कपडे, थोरांचा मान हे सारे कानोच्या प्रेक्षकाला आपलेच वाटत होते. आधुनिक व्हायचे, पण पाश्चात्त्य व्हायचे नाही, हा मार्ग त्यांना हिंदी सिनेमात दिसला. हिंदी गाण्यांच्या चालींवर हौसा भाषेत प्रेषितांची स्तुतिगीते रचण्याचा प्रकारही येथे रुजला.

यातूनच १९९०च्या दशकात हौसा चित्रपटसृष्टी उभी राहिली. तिचे 'कॅनीवूड' हे नाव १९९९ मधले, म्हणजे 'नॉलीवूड' या नावाहूनही जुने. गाणी, नाच आणि प्रेमाचा त्रिकोण हा मसाला ओळखीचा असल्याने धर्ममार्तंडांचा रागही ओढवला. २००१ मध्ये राज्याचे सेन्सॉर मंडळ आले आणि २००७ मध्ये एका अश्लील ध्वनिचित्रफितीच्या प्रकरणानंतर चित्रीकरण काही महिने बंदच करण्यात आले. तरीही शेकडो तरुणांना काम देणारा हा कानोतला मोजक्या नव्या उद्योगांपैकी एक आहे.

पोलिओ लसीवर कानोने बहिष्कार का टाकला होता?

जगाच्या आरोग्य इतिहासात कानोचे नाव एका कटू कारणाने नोंदले गेले आहे. १९९६ मध्ये येथे मेंदूज्वराची मोठी साथ आली. त्या धामधुमीत फायझर या अमेरिकी औषध कंपनीने 'ट्रोव्हान' या प्रायोगिक प्रतिजैविकाची चाचणी २०० मुलांवर घेतली. निम्म्या मुलांना हे औषध आणि निम्म्यांना प्रचलित औषध दिले गेले. त्यातील ११ मुले दगावली, अनेकांना अपंगत्व आले. पालकांची रीतसर संमती घेतली नव्हती, असा आरोप झाला. मृत्यू आजारामुळे झाले, असे सांगत कंपनीने दोष नाकारला. अखेर २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली.

दरम्यान, ऑगस्ट २००३ मध्ये कानो राज्याने पोलिओ लसीकरण थांबवले. लशीतून वंध्यत्व येते, अशी अफवा पसरली होती. ट्रोव्हानचा अनुभव ताजा असलेल्या शहरात ती खोडून काढणे सोपे नव्हते. सुमारे ११ महिने लसीकरण बंद राहिले. मुस्लीमबहुल इंडोनेशियात तयार झालेली लस आणल्यावर २००४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तोपर्यंत उत्तर नायजेरियातला विषाणू बाहेर पडला होता. पोलिओमुक्त झालेल्या सुमारे २० देशांत तो पुन्हा पोहोचला, अगदी येमेन आणि इंडोनेशियापर्यंत.

पुढे मौलवी, गावप्रमुख आणि अमीर यांना सोबत घेऊन मोहीम नव्याने बांधावी लागली. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड मूळ पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. एका चाचणीने तोडलेला विश्वास सांधायला दोन दशके लागली.

एका गादीवर दोन अमीर कसे?

अमीराला राज्यघटनेत अधिकार नाहीत, पण मान मोठा आहे. त्यांची नेमणूक राज्याचा गव्हर्नर करतो आणि तोच त्यांना हटवूही शकतो. वादाचे मूळ इथेच आहे.

२०१४ मध्ये लामिदो सानुसी अमीर झाले. त्याआधी ते नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. तेलाचे अब्जावधी डॉलर सरकारी तिजोरीत पोहोचलेच नाहीत, असे जाहीरपणे सांगितल्याने त्यांना निलंबित व्हावे लागले होते. गादीवर बसूनही त्यांचे बोलणे थांबले नाही. चीनकडून कर्ज काढून शहरी रेल्वे बांधण्याच्या योजनेवर त्यांनी टीका केली. बालविवाह आणि मुलींच्या शिक्षणाबाबत ते बोलत राहिले. गव्हर्नर अब्दुल्लाही गांदुजे यांच्याशी त्यांचे बिनसले. २०१९ मध्ये कानोच्या गादीचे पाच तुकडे करण्यात आले आणि मार्च २०२० मध्ये सानुसींना पदच्युत करून अमिनू अडो बायेरो यांना अमीर केले गेले. सानुसींच्या आजोबांनाही १९६३ मध्ये असेच गादीवरून उतरवले गेले होते.

२०२३ मध्ये सत्ता बदलली. मे २०२४ मध्ये नवे गव्हर्नर अब्बा कबीर युसूफ यांनी तो कायदा रद्द करून सानुसींना परत आणले. बायेरो यांनी पद सोडण्यास नकार दिला. एक अमीर मुख्य राजवाड्यात, दुसरे शहरातल्याच छोट्या राजवाड्यात, दोघांभोवती सुरक्षारक्षक आणि प्रकरण न्यायालयात, असे चित्र उभे राहिले.

याचा फटका सणालाही बसला. ईदला सजवलेल्या घोड्यांवरून शेकडो स्वार अमीराला मुजरा करायला येतात. 'दुरबार' नावाच्या या सोहळ्याला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. पण संघर्षाच्या भीतीने २०२४ आणि २०२५ मध्ये पोलिसांनी दुरबारवर बंदी घातली. जगाने ज्याला वारसा म्हटले, तो सोहळा शहराला स्वतः साजरा करता आला नाही.

सामान्यांना कोणती झळ बसते आहे?

मे २०२३ मध्ये नायजेरियाने पेट्रोलवरील अनुदान बंद केले. दर लगेच जवळपास तिप्पट झाले. पाठोपाठ नायराचा दर खुला करण्यात आला. तेव्हा डॉलरला सुमारे ४७० असलेला नायरा २०२४ च्या अखेरीस दीड हजाराच्या आसपास घसरला. आतल्या शहरात प्रत्येक वस्तू ट्रकने येते. त्यामुळे इंधन महाग झाले की सगळेच महाग होते.

त्याच सुमारास जुलै २०२३ मध्ये शेजारच्या नायजर देशात लष्करी बंड झाले आणि पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाने सीमा बंद केल्या. नायजर हा कानोचा शेकडो वर्षांचा ग्राहक. पश्चिम आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या धान्यबाजारांत गणला जाणारा दवानाऊ बाजार कानोच्या वेशीवर आहे, तिथला माल सीमेपलीकडे जातो. २०२४ च्या सुरुवातीला निर्बंध उठेपर्यंत ही वाट अडली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये महागाईविरोधी आंदोलनाला कानोत हिंसक वळण लागले. लूटमार झाली आणि संचारबंदी लावावी लागली.

पाण्याचा प्रश्नही आहे. १९७४ मध्ये टिगा आणि १९९२ मध्ये चलावा गोर्ज ही धरणे बांधून शहर आणि सिंचनाची सोय झाली. पण खाली हडेजिया-नगुरू पाणथळीत येणारे पुराचे पाणी घटले आणि तिथले शेतकरी, मच्छीमार व पशुपालक अडचणीत आले. चामड्याच्या कारखान्यांचे सांडपाणी चलावा नदीत जाते, ते वेगळेच.

पुढे काय?

तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. पहिली, दक्षिणेकडून कानोपर्यंत येणारी ६१४ किलोमीटरची वायूवाहिनी. २०२० मध्ये तिचे काम सुरू झाले. वायू आला तर वीजनिर्मिती करता येईल आणि कारखान्यांना डिझेलपासून सुटका मिळेल. दुसरी, रेल्वे. कानो ते नायजरमधील मराडी या सुमारे २८४ किलोमीटरच्या मार्गाचे भूमिपूजन २०२१ मध्ये झाले. २०२३ मध्ये कानोजवळ 'दाला' नावाचे कोरडे बंदरही सुरू झाले. तिथे सीमाशुल्काची कामे उरकून माल थेट उतरवता येईल अशी कल्पना आहे. लागोसच्या बंदराशी जलद रेल्वेने जोडले गेल्याशिवाय मात्र त्याचा पूर्ण उपयोग होणार नाही. तिसरी, गादीच्या वादाचा निकाल. अफवा पसरली, साथ आली, दंगल झाली, की कानोत लोक आधी राजवाड्याकडे पाहतात. तिथे दोन तोंडे असतील, तर ऐकायचे कुणाचे?

कानोला ना समुद्र होता, ना तेल. तिला जगवले ते जागेने आणि हिशेबी व्यापाऱ्यांनी. वाटा मोकळ्या असल्या की हे शहर नवा धंदा शोधते, हे उंटांच्या काळातही दिसले आणि रेल्वेच्या काळातही. आज मात्र त्या वाटा आहेत विजेच्या तारा, वायूच्या नळ्या, रूळ आणि सीमेवरची नाकी. त्या मोकळ्या ठेवणे एकट्या व्यापाऱ्याच्या हातात नाही, सरकारच्या आहे.